फाब्री रोग

अल्फा-गॅलॅक्टोसिडेज-ए या एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) जन्मजात न्यूनतेमुळे होणारा एक विरळा आनुवंशिक चयापचयात्मक (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींसंबंधीचा) विकार. त्यास ‘अँडरसन-फाब्री रोग’ असेही म्हणतात. या एंझाइमाच्या अभावी एक विशिष्ट वसायुक्त पदार्थ शरीरातील कोशिकांत (पेशींत) साचत जातो. तो बहुतेक सर्व ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) आढळत असला, तरी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भित्तींत त्याचा साठा विशेषेकरून होतो. त्वचेवरील तांबडे ठिपके, हातापायांची आग, घाम न येणे, वृक्क (मूत्रपिंड) निकामी होणे, हृद्‌विकार व ऐन तारुण्यातील पक्षाघात ही वरवर परस्परांशी असंबद्ध वाटणारी लक्षणे बऱ्याच अंशी या एकाच बिघाडातून उद्‌भवतात. रोगाची पहिली लक्षणे बहुधा बालपणीच दिसू लागतात. निदान मात्र पुष्कळदा प्रौढपणी, म्हणजे महत्त्वाच्या इंद्रियांची भरून न येणारी हानी झाल्यानंतर होते. उपचार उपलब्ध असलेल्या मोजक्या विरळा आनुवंशिक रोगांपैकी हा एक असल्यामुळे या विलंबाला विशेष महत्त्व आहे.

इतिहास : १८९८ मध्ये जर्मनीतील डॉर्टमुंट येथील त्वचारोगतज्ञ योहानेस फाब्री व लंडन येथील शस्त्रक्रियातज्ञ विल्यम अँडरसन यांनी एकमेकांच्या नकळत या रोगाचे वर्णन केले. फाब्री यांचा रुग्ण १३ वर्षांचा मुलगा होता, तर अँडरसन यांचा रुग्ण ३९ वर्षांचा पुरुष होता. दोघांच्याही त्वचेवर बारीक तांबड्या-काळसर पुळ्या होत्या. अँडरसन यांना आपल्या रुग्णाच्या मूत्रात प्रथिन आढळले आणि हा विकार केवळ त्वचेचा नसून सबंध शरीरातील रक्तवाहिन्यांचा असावा, अशी शंका त्यांनी व्यक्त केली. ती खरी ठरण्यास सुमारे अर्धशतक लागले. १९४७ मध्ये नेदर्लंड्समधील पॉम्पेन, राउटर व वायर्स यांनी या रोगाने मृत्यू पावलेल्या दोन भावांच्या शवपरीक्षेत शरीरभर रक्तवाहिन्यांच्या भित्तींत रिक्तिका (पोकळ्या) पाहिल्या व हा एखाद्या पदार्थाच्या साठ्याचा रोग असावा असे मत मांडले. १९६३ मध्ये स्वीली व क्लायॉन्स्की यांनी तो पदार्थ वृक्कातून वेगळा करून ओळखला. १९६७ मध्ये रॉस्को ब्रेडी व त्यांचे सहकारी यांनी त्याचे विघटन करणाऱ्या एंझाइमाची न्यूनता दाखवून दिली आणि १९७० मध्ये किंट यांनी हे एंझाइम अल्फा-गॅलॅक्टोसिडेज असल्याचे सिद्ध केले. त्यामुळे श्वेत रक्तकोशिकांच्या परीक्षेवरून निदान करणे शक्य झाले.

रासायनिक कारण : कोशिकांमध्ये लयकारिका (लायसोसोम) नावाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. जीर्ण झालेले कोशिकाघटक त्यांत आणून निरनिराळ्या एंझाइमांच्या साहाय्याने तोडले जातात व त्यांतील उपयुक्त अंश पुन्हा वापरले जातात. ग्लोबोट्रायाओसिल सेरामाइड हा कोशिकापटलांत आढळणारा एक वसापदार्थ असून त्याच्या रेणूला तीन शर्करांची साखळी जोडलेली असते. साखळीच्या टोकाची गॅलॅक्टोज शर्करा तोडणे हे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज-ए या एंझाइमाचे काम होय. ही पहिली पायरीच अडली की पुढील विघटन थांबते आणि पदार्थ लयकारिकांत साचू लागतो. साठ्याचा प्रारंभ गर्भावस्थेतच होतो. ब व अब रक्तगटांच्या व्यक्तींमध्ये त्या रक्तगटाचे द्योतक असलेले काही वसापदार्थही साचतात, कारण त्यांच्या टोकाशीही त्याच प्रकारची शर्करा असते. मूळ पदार्थापासून तयार होणारा लायसो-ग्लोबोट्रायाओसिल स्फिंगोसीन हा पदार्थ रक्तात वाढलेला आढळतो. रक्तवाहिन्यांतील अरेखित स्नायुकोशिकांची वाढ त्यामुळे उत्तेजित होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बदल : रोहिण्या विभागत जाऊन रोहिणिका व त्यांपासून केशवाहिन्या बनतात. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = १ मिमी.चा हजारावा भाग) एवढाच असून तांबडी रक्तकोशिका तीतून जेमतेम जाऊ शकते. केशवाहिनीची भित्ती अंतःस्तर कोशिकांच्या एकाच थराची व तिच्या बाहेरील अतिशय पातळ आधारपटलाची असते. अंतःस्तर हे केवळ अस्तर नव्हे. रक्तवाहिनीचे आकुंचन व विस्फारण यांचे नियंत्रण, रक्त न साखळू देणे आणि पोषक पदार्थ ऊतकांकडे जाऊ देणे ही कार्ये तो करतो. विस्फारणासाठी लागणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू अंतःस्तर कोशिकाच निर्माण करतात.

फाब्री रोगात या कोशिका साठ्याने फुगतात व वाहिनीच्या पोकळीत पुढे येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली साठा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा किंवा झेब्र्याच्या पट्ट्यांसारखा दिसतो. परंतु पोकळी अरुंद होणे एवढ्यावरच हानी थांबत नाही. नायट्रिक ऑक्साइडाची निर्मिती बिघडल्यामुळे गरजेच्या वेळी वाहिनी पुरेशी रुंदावत नाही, रक्त साखळण्याची प्रवृत्ती वाढते आणि रोहिणिकांच्या भित्तीतील स्नायुथर जाड होतो. परिणामी ज्या ऊतकाला रक्त पुरविले जाते, ते हळूहळू उपासमारीने क्षीण होते व त्याच्या जागी तंतुमय ऊतक (व्रणासारखे निर्जीव ऊतक) तयार होते. साठा औषधाने काढून टाकता येतो. तंतुमय ऊतक मात्र पूर्ववत होत नाही. उपचार केव्हा सुरू करावा, या प्रश्नाचे उत्तर या भेदावर अवलंबून आहे.

सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडविणाऱ्या, महाराष्ट्रात अधिक परिचित असलेल्या दोन रोगांशी तुलना केल्यास फाब्री रोगाचे स्वरूप स्पष्ट होते. विदर्भात व नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या दात्र-कोशिका पांडुरोगात दोष रक्तकोशिकांत असतो. विळ्याच्या आकाराच्या व ताठर झालेल्या या कोशिका केशवाहिन्यांत अडकतात. मधुमेहात रक्तातील जादा शर्करेमुळे अनेक वर्षांत केशवाहिन्यांचे आधारपटल जाड होते. फाब्री रोगात मात्र रक्त व त्यातील शर्करा प्राकृत (सर्वसामान्य) असूनही दोष खुद्द भित्तीच्या कोशिकांत असतो. दात्र-कोशिका पांडुरोग व फाब्री रोग या दोहोंत बालकाच्या हातापायांत असह्य वेदना येऊ शकतात. पण पहिल्यात रक्ताची नेहमीची तपासणी रोगाकडे निर्देश करते, तर दुसऱ्यात ती बहुधा निर्दोष असते. म्हणूनच ‘मुलाला काही झालेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो.

लक्षणे : (१) तंत्रिका (मज्जा) व घर्मग्रंथी : ५ ते १० वर्षांच्या सुमारास मुलग्यांत तळहात व तळपाय यांची आग होऊ लागते. ताप, उन्हाळा, व्यायाम किंवा थकवा यांमुळे वेदनेचे झटके येतात व ते काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत टिकतात. तंत्रिकांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांतील अडथळा आणि तंत्रिका-गुच्छिकांतील साठा ही दोन्ही कारणे त्यामागे असतात. घाम कमी येतो किंवा मुळीच येत नाही. बारामती व इंदापूर या तालुक्यांसारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात, जेथे उन्हाळा कडक असतो व शेतीची कामे उघड्यावर करावी लागतात, तेथे हे लक्षण विशेष जाचक ठरू शकते. उन्हात खेळण्यास किंवा काम करण्यास नकार देणारा मुलगा आळशी समजला जातो. वेदनांना ‘वाढीचे दुखणे’, संधिवात किंवा मानसिक ताण अशी नावे दिली जातात.

(२) त्वचा : बेंबीपासून गुडघ्यांपर्यंतच्या भागात, विशेषतः कंबर, नितंब, मांड्या व जननेंद्रिये यांवर, टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे ते निळसर-काळे ठिपके उमटतात. त्वचेच्या वरच्या थरालगतच्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भित्ती दुबळ्या होऊन फुगल्यामुळे ते निर्माण होतात. ते दुखत किंवा खाजत नाहीत व कपड्यांखाली झाकले जातात, त्यामुळे सहसा कोणाच्या नजरेस येत नाहीत.

(३) वृक्क : वृक्कात रक्त गाळण्याचे कार्य केशवाहिन्यांचे गुच्छ करतात. त्यांचा अंतःस्तर, त्यांना बाहेरून वेढणाऱ्या पादकोशिका व मूत्रनलिकांभोवतीच्या केशवाहिन्या या सर्वांत साठा होतो. प्रथम मूत्रात प्रथिन जाऊ लागते व पुढे गाळण्याची क्षमता घटत जाते. तीव्र स्वरूपाच्या रोगात पुरुषांचे वृक्क बहुधा वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या दशकात निकामी होतात. अपोहन (कृत्रिम रीत्या रक्त शुद्ध करण्याची पद्धत) व वृक्क प्रतिरोपण उपलब्ध होण्यापूर्वी बहुतेक रुग्ण याच कारणाने चाळिशीच्या आसपास दगावत.

(४) हृदय : हृदयाच्या डाव्या निलयाची भित्ती जाड होते, स्पंदनाची लय बिघडते व झडपांत दोष उद्‌भवतात. छातीत दुखत असूनही मोठ्या हृद्‌रोहिण्या क्ष-किरण चित्रणात मोकळ्या दिसू शकतात. अशा वेळी अडथळा त्या चित्रणात न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत असतो. अपोहन व प्रतिरोपण यांमुळे आयुर्मर्यादा वाढल्यापासून हृद्‌विकार हेच या रोगातील मृत्यूचे प्रमुख कारण बनले आहे.

(५) मस्तिष्क : मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या बंद होऊन श्वेतद्रव्यात विखुरलेले बारीक दोष निर्माण होतात व ते चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकनात दिसतात. मेंदूच्या मागील भागास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या लांब, रुंद व नागमोडी होतात. रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीनुसार ज्यांना मस्तिष्काघात झाला, त्यांचे पहिल्या आघाताच्या वेळचे मध्यक वय पुरुषांत ३९ व स्त्रियांत सु. ४६ वर्षे होते. त्यांपैकी सु. निम्म्या पुरुषांत आघात झाला तेव्हा फाब्री रोगाचे निदानही झालेले नव्हते. तरुण वयात कारण न सापडणारा पक्षाघात झाल्यास या रोगाचा विचार करणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

(६) इतर : डोळ्याच्या स्वच्छमंडलावर (बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर) चक्राकार पसरलेल्या फिकट रेषा दिसतात. त्यांनी दृष्टी बिघडत नाही. परंतु नेत्रतज्ञास साध्या तपासणीत रोगाचा सुगावा लागू शकतो. जालपटलातील (दृष्टिपटलातील) सूक्ष्म वाहिन्या नागमोडी झालेल्या आढळतात. जेवणानंतर पोटदुखी व अतिसार, कानात आवाज होणे आणि बहिरेपणा हीदेखील लक्षणे आढळतात.

आनुवंशिकता : सदोष जीन (आनुवंशिक लक्षणे ठरविणारा घटक) एक्स गुणसूत्रावर असतो. पुरुषात असे एकच गुणसूत्र असल्याने दोष पूर्णपणे प्रकट होतो. रुग्ण पित्याकडून त्याच्या सर्व मुलींना सदोष जीन मिळतो. मुलग्यांना मात्र तो मुळीच मिळत नाही. सदोष जीन असलेल्या मातेकडून प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. साहजिकच मामा व भाचा किंवा आईचे वडील व नातू हे रुग्ण असल्याचे अनेक कुटुंबांत आढळते. कुटुंबाचा इतिहास विचारताना वडिलांच्या घराण्यावर भर देऊन आजोळ वगळले, तर हा धागा हाती लागत नाही.

महाराष्ट्रात अनेक समाजांत आते-मामे भावंडांच्या विवाहाची चाल आहे. मामा रुग्ण असल्यास त्याच्या मुलीत सदोष जीन निश्चितपणे असतो. तिचा विवाह निरोगी आतेभावाशी झाला, तरी प्रत्येक मुलग्यास रोग होण्याची शक्यता निम्मी राहते. आतेभावही रुग्ण असेल, तर त्यांच्या सर्व मुलींत सदोष जीन उतरतो व काहींना तो आईवडील दोघांकडूनही मिळू शकतो.

स्त्रिया या रोगाच्या केवळ वाहक असतात, ही पूर्वीची समजूत आता त्याज्य ठरली आहे. स्त्रीच्या प्रत्येक कोशिकेत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यशील असते. ते कोणते हे निरनिराळ्या कोशिकांत वेगवेगळे ठरत असल्याने तिच्या ऊतकांत निरोगी व साठा झालेल्या कोशिकांचे मिश्रण असते. त्यामुळे काही स्त्रियांत कोणतीच लक्षणे दिसत नाहीत, तर काहींत हृदय, वृक्क किंवा मस्तिष्क यांचे गंभीर विकार होतात. [⟶ आनुवंशिकता].

प्रकार व प्रमाण : एंझाइम जवळजवळ नसलेल्या व बालपणीच सुरू होणाऱ्या प्रकारास अभिजात प्रकार म्हणतात. त्याचे प्रमाण सु. ४०,००० पुरुषांत एक असे दीर्घकाळ मानले जात होते. एंझाइमाची थोडी क्रियाशीलता शिल्लक असल्यास रोग उशिरा प्रकट होतो व बहुधा हृदय किंवा वृक्क यांपुरताच मर्यादित राहतो. नवजात अर्भकांच्या सामूहिक तपासणीत हा दुसरा प्रकार अपेक्षेपेक्षा बराच अधिक आढळला. इटलीत सु. ३,१०० मुलग्यांत एक व तैवानात सु. १,२५० मुलग्यांत एक, असे सदोष जीनाचे प्रमाण दिसून आले. या जीनात आजवर एक हजाराहून अधिक निरनिराळी उत्परिवर्तने (आकस्मिक आनुवंशिक बदल) सापडली असून त्यांतील काही निरुपद्रवी आहेत.

निदान : पुरुषांत श्वेत रक्तकोशिकांतील एंझाइमाची क्रियाशीलता मोजणे पुरेसे असते. स्त्रियांत ती प्राकृत मर्यादेत असू शकत असल्याने जीनाचीच परीक्षा करावी लागते. गाळणकागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबांवरूनही प्राथमिक चाचणी करता येते व असा कागद टपालाने पाठविता येतो. त्यामुळे काटेवाडीसारख्या गावातील रुग्णालाही पहिल्या चाचणीसाठी मोठ्या शहरी जाणे अपरिहार्य राहत नाही. आवश्यक तेथे वृक्काचा सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत पुरुषांत सरासरी १३ वर्षांहून अधिक व स्त्रियांत सु. १६ वर्षे लोटतात, असे यूरोपातील एका पाहणीत आढळून आले होते. एक रुग्ण सापडला की त्याच्या मातृकुळातील नातेवाइकांची तपासणी करणे हा निदानाचा आवश्यक भाग होय, कारण त्यातून लक्षणे प्रकट न झालेली बालकेही वेळीच ओळखता येतात.

उपचार : २००१ मध्ये यूरोपात जैव तंत्रविद्येने तयार केलेल्या एंझाइमाच्या दोन प्रकारांना मान्यता मिळाली. हे एंझाइम दर दोन आठवड्यांनी नीलेतून ठिबक पद्धतीने आयुष्यभर द्यावे लागते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ५८ रुग्णांवरील प्रयोगात वृक्कातील सूक्ष्म वाहिन्यांचा अंतःस्तर हाच परिणामाचा मुख्य निकष ठरविला होता. २० आठवड्यांनंतर एंझाइम मिळालेल्या २९ रुग्णांपैकी २० जणांचा अंतःस्तर साठ्यापासून मुक्त झाला. निष्क्रिय द्रव मिळालेल्या २९ जणांपैकी एकाचाही झाला नाही. तथापि पादकोशिका व हृद्‌स्नायू यांतील साठा इतक्या सहजतेने हटत नाही आणि तंतुमय ऊतक तर तसेच राहते. म्हणून मूत्रातील प्रथिन वाढण्यापूर्वी उपचार सुरू केल्यास अधिक लाभ होतो. काही रुग्णांत एंझाइमाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन त्याचा प्रभाव घटतो.

२०१६ मध्ये यूरोपात मान्यता मिळालेले मिगालास्टॅट हे औषध तोंडाने घ्यावयाचे असून ते रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिर एंझाइमाला आधार देते; मात्र ते ठराविक उत्परिवर्तनांतच उपयोगी पडते. २०२३ मध्ये शरीरात अधिक काळ टिकणारे एक नवे एंझाइम उपलब्ध झाले. जीनोपचाराचे प्रयोगही झाले आहेत. याखेरीज तंत्रिकावेदनांवर कार्बामाझेपीन किंवा गॅबापेंटीन, मूत्रातील प्रथिन कमी करणारी औषधे, रक्तदाबनियंत्रण व धूम्रपानवर्जन यांचा अवलंब करतात. कडक ऊन टाळणे व भरपूर पाणी पिणे हे साधे उपायही वेदनेचे झटके कमी करतात.

प्रतिरोपित वृक्कात दात्याचे निरोगी एंझाइम असल्याने रोग त्यात सहसा पुन्हा उद्‌भवत नाही. आपल्याकडे वृक्कदाता बहुधा जवळचा नातेवाईक, पुष्कळदा आई किंवा बहीण, असतो. वृक्क निकामी होण्याचे मूळ कारण फाब्री रोग आहे हे ठाऊक नसेल, तर सदोष जीन असलेल्या आईचेच वृक्क काढले जाण्याचा धोका संभवतो. त्यात दाता व ग्राहक दोघांचेही नुकसान होते. अपोहनावरील पुरुष रुग्णांत फाब्री रोगाचे प्रमाण हजारी सु. दोन ते तीन असल्याचे परदेशातील सामूहिक तपासण्यांत दिसून आले आहे. वृक्कविकाराचे कारण सापडत नसल्यास प्रतिरोपणापूर्वी ही चाचणी करणे म्हणूनच हितावह असते.

भारतातील स्थिती : केंद्र शासनाने २०२१ मध्ये राष्ट्रीय विरळा रोग धोरण जाहीर केले. त्यात फाब्री रोगाचा समावेश निश्चित उपचार उपलब्ध असलेल्या, परंतु उपचाराचा खर्च अतिशय मोठा व आयुष्यभराचा असलेल्या रोगांच्या तिसऱ्या गटात करण्यात आला. धोरणान्वये नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत महाराष्ट्रातील मुंबई येथील राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयाचा अंतर्भाव आहे. २०२२ मध्ये अशा केंद्रांत उपचार घेणाऱ्या रुग्णास ५० लाख रु. पर्यंत साहाय्य देण्याचे ठरले. एंझाइमाची मात्रा शरीराच्या वजनावर ठरत असल्याने प्रौढ रुग्णाच्या आजन्म उपचारास ही रक्कम पुरत नाही.

खर्चाचा प्रश्न शासकीय धोरणाने सुटावयाचा असला, तरी निदानातील विलंब कमी करणे गावपातळीवरील वैद्य, शाळा व कुटुंब यांच्या आवाक्यातील आहे. हातापायांची वारंवार होणारी आग, घाम न येणे व उन्हाचा असह्य त्रास ही तीन लक्षणे एकाच मुलात आढळल्यास त्याच्या कंबरेखालील त्वचा पाहावी, मूत्रातील प्रथिन तपासावे व आजोळच्या मंडळींत कोणास वृक्कविकार, हृद्‌विकार किंवा अकाली पक्षाघात झाला होता काय, याची चौकशी करावी. या तपासण्यांना खर्च जवळजवळ नसतो आणि त्यांतून मिळालेल्या इशाऱ्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील साठ्याचे कायमच्या व्रणात रूपांतर होण्यापूर्वीच रोग ओळखला जाऊ शकतो.